छत्रपती संभाजीनगर घडवणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांचे प्रकल्प सुरू झाले की हे प्रश्न येऊ लागतात आणि १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास त्यांचा पूर येतो. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत आयुष्य काढलेल्या माणसांच्या मुलामुलींचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे शहर औरंगजेबाने वसवलं ना?

नाही. खडकी नावाच्या गावाच्या जागी १६१० मध्ये मलिक अंबरने शहर वसवलं. तो मूळचा ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. पुढे हाच माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाचं नाव शहराला मिळालं ते १६५३ मध्ये, तो दख्खनचा सुभेदार असताना.

शहर वसवणं म्हणजे नुसता तट घालणं नव्हे. मलिक अंबरने आपल्या मराठा सरदारांना इथे वस्त्या करून दिल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या भोसले सरदारांवरून पडली. त्याहून मोठं काम पाण्याचं, ते प्रश्न ४ मध्ये.

२. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर: प्रकल्पात कोणतं नाव लिहायचं?

आजच्या शहराबद्दल लिहिताना छत्रपती संभाजीनगर. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. जुन्या कागदातला मजकूर उतरवून घेताना मात्र कागदावर जे नाव आहे तेच ठेवा, बदलू नका. नाहीतर पुढच्या माणसाला तो कागद सापडणार नाही. संग्रहात शोधताना पाचही नावं घालून पाहा: खडकी, फतेहनगर (मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्यावरून), औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर आणि फारसी कागदांत येणारं खुजिस्ता बुनियाद. हे पाचवं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं आणि शोध तिथेच अडतो.

३. शहर घडवणाऱ्यांच्या तुमच्या यादीत कोण यावं आणि कोण नको, हे कशावरून ठरवता?

त्या माणसामुळे शहराचं पाणी, जागा, वाट, शिक्षण किंवा हातातलं कसब यांपैकी काही कायमचं बदललं का, एवढंच पाहतो. श्रीमंती ही कसोटी नाही, पदही नाही. या कसोटीवर काही मंत्री गळतात आणि काही विणकर आत येतात. ते आम्हाला योग्य वाटतं, कारण नामवंतांची कामं ज्या पायावर उभी राहिली, तो पाया बहुतेक वेळा नाव न उरलेल्या हातांनी घातला आहे.

४. मलिक अंबरची नहर कशी चालायची? उद्योगाशी तिचा काय संबंध?

नहर-ए-अंबरी हर्सूलकडच्या, म्हणजे शहराच्या उत्तरेकडच्या उंच भागातून येते. जमिनीच्या पोटातलं झिरपणारं पाणी बांधीव नळीत गोळा करायचं, अगदी मंद उतार देत शहरापर्यंत आणायचं आणि तिथे मातीच्या नळांतून वस्त्यांना वाटायचं, अशी तिची रचना. पंप नाही, बैल नाही. सगळं उताराच्या जोरावर. ठरावीक अंतरावर उभे झरोके ठेवले होते, त्यांतून हवा निघून जायची आणि गाळ काढायला माणूस आत उतरायचा. उतार जास्त दिला तर पाणी नळी खरवडतं. कमी दिला तर गाळ बसतो. मैलोन्‌मैल तो अचूक राखणाऱ्या गवंड्यांपैकी एकाचंही नाव उरलेलं नाही.

नहरी बिघडतात त्याची कारणं आजही तीच आहेत: झाडांची मुळं नळीत शिरतात, झरोके बुजवले की गाळ निघत नाही, नव्या इमारतीचा पाया खोदताना नळ फुटतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. शेवटचं कारण सगळ्यांत घातक, कारण पाणी वाहतं राहतं आणि पिण्यालायक मात्र राहत नाही.

उद्योगाशी संबंध सरळ आहे. सूत रंगवायला, धुवायला, कागद करायला वाहतं पाणी लागतं. कारागिरांची वस्ती पाण्याच्या मागे येते.

५. पाणचक्की याच नहरीवर चालते का? ती कोणी बांधली?

नाही, तिची नळवाट वेगळी आहे. ही चूक छापील माहितीतही दिसते. पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात आहे. ते बुखाऱ्याकडचे सूफी. बांधकामाशी तुर्कताजखान या सरदाराचं नाव जोडलेलं आहे. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी आधी एका उंच भिंतीवर चढवतात. तिथून ते हौदात पडतं आणि पडण्याच्या जोरावर खालचं पातं फिरतं. पात्याच्या आसावर वरची जात्याची तळी बसवलेली. दर्ग्यातले फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्यासाठी इथे दळण व्हायचं. शहरातलं हे यंत्रशक्तीचं जुनं, आजही डोळ्यांनी पाहता येणारं उदाहरण. पाणी कमी असलं की चक्की बंद असते, म्हणून ती पावसाळ्यात किंवा त्याच्या लगेच नंतर पाहावी.

६. बीबी का मकबरा कोणी बांधला, हे प्रश्नपत्रिकेत विचारतात. उत्तर काय लिहू?

बांधवून घेणारा औरंगजेबाचा मुलगा आझमशाह, आई दिलरस बानू (राबिया-उद्-दौरानी) हिच्यासाठी. पण प्रत्यक्ष उभारणाऱ्यांची नावंही आहेत, आणि ती मुख्य दरवाजावरच्या लेखात आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. या शहरात बांधणाऱ्याचं नाव दारावर कोरलं गेल्याची उदाहरणं फार थोडी. प्रश्नपत्रिकेत दोन्ही लिहा.

७. हिमरू, मशरू आणि पैठणी यांत फरक काय? विणकरांची नावं का सापडत नाहीत?

हिमरूत ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. किनखापात सोन्या-चांदीची जर असते. त्याच धर्तीचं, पण परवडणारं कापड म्हणजे हिमरू. मशरूत वरची बाजू रेशमी आणि अंगाला लागणारी बाजू सुती, कारण निव्वळ रेशीम अंगाला लावणं पुरुषांना धर्माने वर्ज्य होतं. पैठणी पूर्ण रेशमी, पदराला जर.

ओळखण्याची रीत: कापड उलटं करा. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे सुटे, लोंबते दिसतात. हातमागाच्या पैठणीचा पदर मात्र पुढून-मागून सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवून तिथेच वळवलेला असतो. मागे धागे कापलेले किंवा जाळीचं अस्तर लावलेलं दिसलं, तर ती पैठणी यंत्रावरची.

हिमरूच्या जुन्या मागावर दोघं लागायचे. एक खाली धोटा टाकणारा, दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा. वरच्याने एक दोरी चुकवली, तर ती चूक कापडाच्या पूर्ण रुंदीत एका ओळीने उमटते आणि दुरुस्त करायची तर तेवढं उसवावं लागतं. पुढे छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा जकार्ड आला आणि वरचा माणूस गेला. त्या माणसाची नोंद कुठेच नाही, कारण हिशेबाच्या वहीत मागाच्या मालकाचं नाव लिहायचे. नावं हवी असतील तर जुन्या वस्त्यांतल्या घरांत विचारावं लागतं. त्याची पद्धत प्रश्न १८ मध्ये.

८. पहिला आधुनिक कारखाना कोणता?

१८८९ मध्ये उभी राहिलेली सूत आणि कापड गिरणी. सुमारे ७०० माणसं तिथे कामाला होती. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे आली आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. इथल्या कापसाला त्यामुळे दूरची बाजारपेठ मिळाली. पण मीटरगेजनेच पुढे शहराला नव्वद वर्षं अडकवूनही ठेवलं. ते पुढच्या उत्तरात.

९. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ हे तर स्वातंत्र्यसैनिक. औद्योगिक शहराच्या यादीत ते कसे?

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे एक कारण. पण तेवढंच नाही.

स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२), मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत येण्याआधी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत होते. मुक्तिसंग्रामाच्या नेत्याची सुरुवात कामगार संघटनेतून झाली, हे पुष्कळांना माहीत नसतं.

गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) यांची दोन कामं औद्योगिक शहराच्या मुळाशी आहेत. एक सरस्वती भुवन शिक्षण संस्था. दुसरं म्हणजे मराठवाडा जनता विकास परिषद आणि तिच्यामार्फत ब्रॉडगेजसाठी चालवलेला दीर्घ लढा. मीटरगेज आणि ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर वेगळं, म्हणून मनमाडला प्रत्येक वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. हमालीचा खर्च, दिवसांचा उशीर आणि तूटफूट असा तिहेरी भुर्दंड पडे. कारखाना कुठे काढायचा हे ठरवणारा माणूस हा हिशेब आधी पाहतो. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली तेव्हा हा अडथळा गेला. या सगळ्या काळात ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव (१९१९–१९९१) यांनी मागासलेपणाचा प्रश्न सतत लावून धरला, म्हणून त्यांचंही नाव इथे येतं.

१०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या शहराच्या उद्योगाशी थेट संबंध होता का?

कारखान्याशी नाही, कारखान्यात आणि कचेरीत काम करू शकणाऱ्या पिढीशी होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे सुरू केलेलं कॉलेज म्हणजे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून आणि फार थोड्या जागी होतं. अशा ठिकाणी खेड्यातल्या दलित मुलाला राहायला वसतिगृह आणि शिकायला पदवीचा वर्ग एकाच आवारात मिळणं ही मोठीच गोष्ट होती. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं नाव या संस्थेच्या घडणीत आवर्जून घ्यावं.

त्याआधीचं एक नाव विसरलं जातं. १९२३ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजचे, म्हणजे आजच्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य मौलवी अब्दुल हक होते. उर्दूचे मोठे अभ्यासक. अंजुमन-तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं काम त्यांनी अनेक वर्षं याच शहरातून चालवलं.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं, उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते. पहिले कुलगुरू सु. रा. डोंगरकेरी. बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं ज्यांनी घरंदारं गमावली, मार खाल्ला, जीव दिला, त्यांच्याशिवाय या शहराचा इतिहास अपुरा आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. चिकलठाण्याच्या शॉपफ्लोअरवर उभे राहिलेले अनेक सुरुवातीचे लघुउद्योजक तिथूनच आले.

११. डॉ. रफिक झकेरिया यांनी नेमकं काय केलं?

१९६२ मध्ये ते इथून विधानसभेवर निवडून आले आणि राज्यात मंत्री झाले. जन्माने ते या शहराचे नव्हते. १९६३ मध्ये मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं, रौजा बागेत. सिडकोने शहराच्या पूर्वेला नवं नगर उभारलं (एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी आपण ओळखतो ते), त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. पुढे ताज समूहाबरोबर हॉटेल व्यवस्थापनाची संस्था आली. कामगाराला परवडणारं घर कारखान्याजवळ हवं, ही साधी गोष्ट आहे. सिडकोच्या छोट्या घरांनी चिकलठाण्यासाठी ते केलं. त्यांच्या पत्नी फातमा झकेरिया यांच्याविषयी प्रश्न १५ पाहा.

१२. बजाज ऑटो वाळूजलाच का आली? हे श्रेय एकट्या राहुल बजाज यांचं का?

राहुल बजाज (१९३८–२०२२) यांचा निर्णय मोठाच होता. १९८४ मध्ये पायाभरणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. पण निर्णय घेता येईल अशी परिस्थिती आधी तयार झालेली होती. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. जमीन संपादन करायची, रस्ते-पाणी-वीज पुरवायची आणि प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा, ही तिची रीत. १९६४ पासून राज्याने मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मागास भागाला विक्रीकरात सवलत जास्त. रेल्वे स्टेशनजवळची वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज, नंतर शेंद्रा असा क्रम. बजाजच्या आधीच गरवारे पॉलिएस्टरसारख्या कंपन्यांनी चिकलठाण्यात कुशल माणसं तयार केली होती.

बजाजचा खरा परिणाम गेटबाहेर दिसतो. दुचाकीचे शेकडो सुटे भाग बाहेरून करून घ्यायचे होते. त्यातूनच १९८५ मध्ये अनुरंग जैन यांची कंपनी उभी राहिली, जी आज एन्ड्युरन्स आहे. आणि नंतर त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांची व्हॅरॉक. दोघं राहुल बजाज यांचे भाचे. त्यांच्या खालोखाल शेकडो छोटी युनिट्स आली, ज्यांच्याविषयी पुढचा प्रश्न आहे.

१३. छोट्या युनिटमधल्या माणसाने शहर घडवलं, हे ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्यक्षात कसं?

डाय-कास्टिंगचं उदाहरण घ्या. ॲल्युमिनियम साधारण ६५० ते ७०० अंशांवर वितळवून जोराच्या दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात सोडतात. पाळी सुरू होते तेव्हा डाय थंड असते. धातू आत जाताच दोन्ही बाजूंनी आलेले प्रवाह नीट एकजीव होण्याआधीच थिजतात आणि भागावर केसासारखी रेघ राहते. म्हणून जाणता डाय-सेटर पहिले काही शॉट बाजूला काढून पुन्हा भट्टीत टाकतो. आत हवा कोंडली तर ब्लो होल होतात, आणि हे बाहेरून दिसत नाहीत. भाग मशिनिंगला गेल्यावर ड्रिल आत शिरतं तेव्हा भोक उघडं पडतं. तोवर मशिनिंगचे पैसे गेलेले असतात. डायच्या कोणत्या कोपऱ्यात हवेची वाट किती खोल काढायची, हे ज्या डाय-फिटरला कळतं त्याच्यावर त्या युनिटचा नफा-तोटा ठरतो.

हे कसब पुस्तकातून येत नाही. आयटीआय करून एका टूलरूममध्ये पाच-सात वर्षं काढलेला फिटर पुढे भाड्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक मिलिंग टाकून जॉबवर्क घेतो, हाताखाली चार पोरं शिकवतो, आणि त्या चारांतले दोघं पुन्हा स्वतःची शेड टाकतात. शहराचा उद्योग असाच फुटवे फुटत पसरला. अशा लोकांची संघटना म्हणून मसिआ आणि मोठ्या-मध्यम उद्योगांसाठी सीएमआयए या दोन संस्थांचं काम पाहावं.

१४. निर्लेप ही बजाजची कंपनी ना? मग भोगले कोण?

हा गोंधळ नेहमीचा. निर्लेप इथल्या भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये सुरू केली. अन्न न चिकटणारा तवा भारतात रुजवणाऱ्या कंपन्यांत ती सुरुवातीची. २०१८ मध्ये ती बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. बजाज इलेक्ट्रिकल्स आणि वाळूजची बजाज ऑटो या दोन वेगळ्या कंपन्या आहेत.

तव्याचं तंत्र ऐकायला सोपं, करायला अवघड. ॲल्युमिनियमच्या चकतीला आकार द्यायचा, तिचा तेलकटपणा पूर्ण घालवायचा, पृष्ठभाग बारीक खरखरीत करायचा, लेप फवारायचा आणि ४०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचा. तेलाचा अंश राहिला तर लेप पहिल्या काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. खरखर कमी पडली तरी तेच. ग्राहकाला वाटतं लेप वाईट होता; चूक बहुधा लेपाच्या आधीच्या टप्प्यात झालेली असते.

१५. यादीत बायका इतक्या कमी का?

कारण नोंदी मालकीच्या आणि पदाच्या ठेवल्या गेल्या. फातमा झकेरिया यांचं नाव उरलं. पत्रकार, संपादक आणि मौलाना आझाद संस्थेच्या आधारस्तंभ, २००६ ची पद्मश्री. पण हिमरूच्या प्रत्येक मागामागे घरी सूत उकलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या बायका होत्या आणि मजुरी मागाच्या नावावर पडायची. औषध कंपन्यांच्या लाइनवर काळ्या-पांढऱ्या पाट्यांसमोर बाटली धरून तिच्यात कण दिसतो का, काचेला चीर आहे का हे पाहण्याचं काम वर्षानुवर्षं बायका करत आल्या. डोळ्यांवर ताण पडतो म्हणून थोड्या थोड्या वेळाने विश्रांती लागते. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर प्रश्न १८ मधली पद्धत त्यांच्यासाठी आधी वापरा.

१६. शंकरराव चव्हाणांना पाण्याचं श्रेय देतात. मग शहरात नळाला पाणी का नसतं?

दोन वेगळे प्रश्न आहेत. जायकवाडी धरणाची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी केली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मूळ कल्पना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायची होती, म्हणून नाव ते राहिलं आणि धरण पैठणला झालं. पैठणचेच असलेले शंकरराव चव्हाण (१९२०–२००४) त्यामागे ठाम उभे राहिले. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ७६.

अडचण उंचीची आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरला तरी पातळी १५२२ फूट, म्हणजे साधारण ४६४ मीटर. शहर सुमारे ५६८ मीटरवर. मलिक अंबरचं पाणी उताराने यायचं (प्रश्न ४), आपलं पाणी सुमारे पन्नास किलोमीटर दूरवरून शंभर मीटर उचलून आणावं लागतं. वीज गेली की पंप थांबतात, पाइप रिकामा होतो, पुन्हा भरून दाब येईपर्यंत तास जातात. जुनी जलवाहिनी फुटली तर आणखी. धरणात पाणी असूनही नळाला गॅप पडतो तो यामुळे.

१७. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, किंवा बुडालेल्या कंपन्यांचे मालक यादीत घेता का?

बारवाले (१९३०–२०१७) घेतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बियाण्यापासून त्यांची सुरुवात. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. जालना आणि संभाजीनगर यांचा उद्योग एकाच रस्त्यावर पसरलेला आहे, म्हणून जिल्ह्याची हद्द आम्ही पाळत नाही.

बुडालेल्या कंपन्यांबाबत: नंदलाल धूत यांनी सुरू केलेल्या व्हिडिओकॉनचा चितेगावचा कारखाना पैठण रस्त्यावर हजारोंना रोजगार देत होता. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्ही गोष्टी लिहितो. पहिली गाळली तर तिथे काम केलेल्यांचा इतिहास पुसतो, दुसरी गाळली तर त्यांचं नुकसान.

१८. माझे वडील वाळूजच्या सुरुवातीच्या कामगारांपैकी. त्यांची नोंद कशी करू?

आधी कागद, मग बोलणं. नेमणूकपत्र, पगाराची पावती, ईएसआय कार्ड, पीएफची स्लिप, आयटीआयचं प्रमाणपत्र, युनियनच्या वर्गणीची पावती, जुना गेटपास, पाळीत काढलेले फोटो एकत्र करा. कागद ३०० डीपीआयने, फोटो ६०० ने स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई उडते आणि ते परत काढता येत नाही. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. दुसऱ्याला प्रत देताना पीएफ आणि आधारचे क्रमांक झाका.

बोलणं एका बैठकीत चाळीस-पन्नास मिनिटांपेक्षा जास्त नको. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. ‘आयुष्याबद्दल सांगा’ असं विचारलं की माणूस गप्प होतो. ‘पहिल्या दिवशी कोणत्या मशिनवर उभं केलं? शेजारी कोण होतं? डबा कुठे खायचात? सायकल कुठे लावायचात?’ असं विचारा. मशिन आठवलं की माणसं आठवतात. सालं नक्की नसतील तर घटनेला बांधा: लग्नाआधी की नंतर, १९७२ च्या दुष्काळानंतर किती वर्षांनी, मोठी मुलगी शाळेत होती का.

१९. आमची जमीन एमआयडीसीत गेली. त्या शेतकऱ्यांची नावं शोधायची तर कुठून सुरुवात करू?

रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, कमळापूर, घाणेगाव, वडगाव कोल्हाटी: वाळूजचा उद्योग या गावांच्या शिवारावर उभा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना सातबारा आणि त्यावरचे फेरफार मागा. फेरफारात संपादनाचा आदेश आणि क्षेत्र सापडतं. त्यामागे जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक.

इथे बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. जुना नंबर घेऊन नवा सातबारा मागितला तर दुसऱ्याचीच जमीन हातात येते. आधी नंबरांचा मेळ घालणारा उतारा घ्या. दुसरी अडचण म्हणजे सातबाऱ्यावर एकाच भावाचं नाव असतं. बाकीचे भाऊ, बटाईने कसणारे, सालगडी कागदावर नसतात. त्यांच्यासाठी गावातल्या जुन्या माणसांकडे जावं लागतं.

२०. निजामाच्या काळातल्या कागदावर १३५८ असं साल आहे. हे कोणतं वर्ष?

फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं साल. संस्थानचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखेला ५९१, की इसवी सन मिळतो. जहागिरी रद्द करणारं नियमन १३५८ फसलीचं आहे, म्हणजे ऑगस्ट १९४९ चं. हिजरी सालाशी गल्लत करू नका; दोन्ही तेराशेच्या घरात येतात आणि एकाच कागदावर दोन्ही असू शकतात.

२१. ‘मराठवाड्यातला पहिला’ असा दावा दोन घरं करतात. कोणाचं खरं धरायचं?

दोन्ही दावे कशाचे आहेत ते आधी वेगळं करा. जागा घेतल्याचं साल, कंपनी नोंदवल्याचं, पहिला माल बाहेर पडल्याचं आणि उद्घाटनाचं, ही चार वेगवेगळी सालं असतात. वर दिलेल्या बजाजच्या उदाहरणातही पायाभरणी आणि उद्घाटनाची सालं निराळी आहेत. एक घर नोंदणीचं साल सांगतं, दुसरं उत्पादनाचं, आणि भांडण होतं. चारही सालं आपापल्या शब्दांत लिहा: ‘नोंदणी अमुक साली, पहिला माल तमुक साली’. कागद एकाकडेच असेल तर तसं लिहा. दोघांकडेही नसेल, तर ‘पहिला’ काढून ‘सुरुवातीच्या काळातला’ घाला आणि कोणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं, ते खाली नोंदवून ठेवा.